व्हिसा पाच वर्षांचा, पण मुक्काम किती दिवसांचा?



पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांची लेकरं बाहेर देशात आहेत त्यांच्या घरात हा विषय आज ना उद्या निघणारच आहे.

परवा मंडईत एक जुने सहकारी भेटले. पूर्वी भेटले की विचारायचे, "गुरुजी, मोसंबीला भाव काय लागला?" या वेळी पहिलाच प्रश्न, "किती वर्षांचा व्हिसा घेताय?" मी म्हणलं, "अहो, जायचंय दोन महिने, वर्षांचं काय विचारता!" तर म्हणे, "असं कसं? घ्यायचा तर मोठाच घ्यायचा. आमच्या साडूने दहा वर्षांचा घेतलाय."

म्हणजे व्हिसाचंही आता जमिनीसारखं झालंय. ज्याचा जास्त, तो मोठा. माझं म्हणणं याच्या उलट आहे, आणि ते का, हे सांगायलाच ही पोस्ट.

आधी माझी परिस्थिती सांगतो. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. अंबड तालुक्यात गाव, जालन्यात घर. गावाकडं चार एकर रान, त्यात अडीच एकर मोसंबी. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, गावी धाकट्या भावाजवळ असते. आम्हाला एकच लेक. ती आणि जावई टोरांटोजवळ राहतात, दोघांनाही पीआर मिळालेला आहे. डिसेंबरात लेकीचं बाळंतपण. जुने लोक म्हणायचे, जालना म्हणजे सोन्याचा पाळणा. आता पाळणे तिकडं हलतात, आणि दोरी ओढायला आजी-आजोबांना विमानाने जावं लागतं.

लेकीचा फोन आला, "पप्पा, सुपर व्हिसा काढा. पाच वर्षं राहता येतं. सारखी धावपळ नको." मी आधी हो म्हणून बसलो. नंतर एकेक गोष्ट वाचत गेलो, तसं लक्षात आलं की आपण नुसता कागद निवडत नाही आहोत, पुढची काही वर्षं कशी जगायची ते निवडतो आहोत.

कॅनडाला आई-वडिलांसाठी सरळ दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे साधा व्हिजिटर व्हिसा. हा दहा वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण पासपोर्टची मुदत संपते त्याच्या पुढं तो जात नाही. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो यांचे ८५. आजच्या भावाने अकरा-बारा हजार रुपये धरा. पण इथंच बहुतेकांची गल्लत होते. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येत नाही. एका वेळचा मुक्काम साधारण सहा महिने. पुढं राहायचं असेल तर मुदत संपायच्या आत तिथूनच वाढीसाठी अर्ज करायचा.

दुसरी वाट सुपर व्हिसाची. ही योजना कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये सुरू केली. तेव्हा एका वेळी दोन वर्षं राहता यायचं. ४ जुलै २०२२ पासून ते पाच वर्षं झालं. अटी मात्र जास्त. मुलाने किंवा मुलीने आपलं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असल्याचं दाखवायचं. आई-वडिलांनी, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडूनच, वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. निदान एक वर्षाचा आरोग्य विमा काढायचा, तोही कमीत कमी एक लाख कॅनेडियन डॉलरचा. आपल्या पैशात साठ लाखांच्या वर. पूर्वी हा विमा कॅनडातल्या कंपनीचाच लागायचा, जानेवारी २०२५ पासून तिकडच्या सरकारने मान्य केलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो.

आई-वडिलांना कायमचं तिकडं नेण्याची तिसरीही वाट आहे, पण तिच्या भरवशावर बसू नका. मुलांनी त्यासाठी इच्छा नोंदवायची खिडकी २०२०ला उघडली होती. त्यानंतरच्या वर्षांतही सरकार त्याच जुन्या यादीतून नावं काढत राहिलं.

आता गंमत बघा. कागदावर सुपर व्हिसाच सरस दिसतो. पाच वर्षं राहा, मधे वाटेल तेव्हा या-जा. कुणी म्हणेल, "काढून ठेवायला काय जातं? पाहिजे तेव्हा परत या." मलाही आधी तसंच वाटलं. पण तीन गोष्टींनी मला थांबवलं.

पहिली गोष्ट विम्याची. तिकडचा सरकारी दवाखाना तिथल्या रहिवाशांसाठी असतो, सुपर व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांसाठी नाही. आजारी पडलं की सगळी मदार त्या पॉलिसीवर. आमच्या सौभाग्यवतींना आठ वर्षांपासून शुगर आहे. बऱ्याच पॉलिसींत अट असते की आधीचा आजार काही महिने स्थिर पाहिजे. मधे गोळीचा डोस बदलला तरी तो स्थिर धरत नाहीत. म्हणजे जायच्या तोंडावर डॉक्टरने गोळी वाढवली, तर हातात पॉलिसी असूनही त्या आजाराचा खर्च अंगावर येऊ शकतो. हे कलम बारीक अक्षरात असतं. विमा विकणारा ते स्वतःहून वाचून दाखवत नाही, आपणच विचारायचं. आणि ही पॉलिसी वर्षाची असते. पाच वर्षं राहायचं तर दर वर्षी नवी, आणि वय वाढेल तसा हप्ताही वाढणार.

दुसरी गोष्ट लेकीच्या पत्राची. सुपर व्हिसासाठी मुलांनी निमंत्रणपत्र द्यायचं असतं. त्यात लिहावं लागतं की हे तिथं राहतील तोवर यांचा खर्च मी करीन. लेकीने मसुदा वाचायला पाठवला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. ज्या पोरीच्या शाळेच्या अर्जावर 'पालक' म्हणून मी सह्या केल्या, तिने आता माझ्यासाठी सही केली होती. खाली तिचा पगार, जावयाचा पगार, घरात माणसं किती, सगळं मांडलेलं. वाईट वाटलं असं नाही, बरंही वाटलं. पण एक कळलं. आपल्याकडं लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं म्हणणारी पिढी मी पाहिलीय. ती रीत चुकीची होती आणि गेली ते चांगलं झालं. तरी दोन महिने पाहुणा म्हणून जाणं वेगळं, आणि पाच वर्षं कुणाच्या पगाराच्या हिशोबात बसणं वेगळं. हे ज्याला चालतं त्याने खुशाल जावं, पण समजून जावं.

तिसरी गोष्ट घराची. यावर एजंट बोलत नाही, लेकरांनाही तिथून ते दिसत नाही. मी एका दुपारी वही घेतली आणि लिहून काढलं की मी इथं नसलो तर काय काय अडतं.

पेन्शन. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते.

शेती. खरिपाची ई-पीक पाहणी रानात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून करावी लागते. टोरांटोच्या खिडकीतून ती होत नाही. मोसंबीचा आंबे बहार धरतो आम्ही. दिवाळीपर्यंत बाग खाली होते, मग ताण, आणि जानेवारीच्या मध्याला ताण तोडून पाणी. त्या वेळी कुणीतरी जबाबदार माणूस बांधावर पाहिजे. २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी डोळ्यात पाणी आणून झाडं तोडली. माझी तेव्हा टँकरवर जगली. ती बाग पाच वर्षांसाठी ठोक्याने द्यायला हात धजत नाही.

कर. एका आर्थिक वर्षात साठ दिवसही भारतात नसलात, तर प्राप्तिकराच्या हिशोबात साधारणपणे तुम्ही अनिवासी ठरता. मग बँकेची खातीही त्याप्रमाणे बदलून घ्यावी लागतात. सहा महिन्यांच्या पाहुण्याला हा प्रश्न येत नाही, वर्षानुवर्षं राहणाऱ्याला येतो.

आणि वहीत सगळ्यात शेवटी, पण मनात सगळ्यात आधी, आई. तिला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की कॅनडाचा पाच वर्षांचा कागद मिळतोय. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाच वर्षं? बरंय बाबा. जा. मला शेवटचं भेटायला ये म्हंजे झालं." टोमणा नव्हता तो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस हिशोब असाच करतो.

त्या दिवशी माझ्यापुरता निर्णय झाला. साधा व्हिजिटर व्हिसा. नोव्हेंबर उजाडला की आधी हयातीचा दाखला, मग विमान. मकरसंक्रांतीच्या सुमाराला परत, कारण बागेला पाणी सोडायचं. लोक म्हणतात, वेड लागलंय, ऐन बर्फात कुणी फिरायला जातं का? जाऊ द्या. नातवंड काही बर्फ वितळायची वाट बघणार नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की झालं, गुरुजींनी साधा व्हिसा घ्या असं सांगितलं. नाही. खरी गोष्ट पुढंच आहे.

मी मोठ्या रुबाबात सौभाग्यवतींना सांगितलं, "आपण दोघांचाही साधा व्हिसा काढतोय." त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "आपण म्हणजे कोण?"

मी म्हणलं, "म्हणजे मी आणि तू."

"तुम्ही तुमच्या आईला विचारलं, भावाला विचारलं, मोसंबीलाबी विचारलं. मला कधी विचारलं?"

मी गप्प. मग त्या बोलल्या. एकतीस वर्षं तुमच्या बदल्यांच्या मागं फिरले. तुमची शाळा, तुमचं रान, तुमच्या घरचे सणवार. पोरगी सातासमुद्रापार एकटी बाळंत होतेय. तिला जानेवारीत सोडून यायचं नाही मला. "मला पाच वर्षं राहायचं नाहीच. पण सहा महिने झाले म्हणून मला कुणी 'उठा' म्हणू नये. कधी यायचं ते मी ठरवीन."

मंडळी, शिक्षकीत इतकी वर्षं गेली, पण इतकं साधं उत्तर मला वहीत सापडलं नव्हतं. मी मागं काय राहतं ते मोजत होतो. पुढं कोण वाट बघतंय ते त्यांनी मोजलं होतं.

तर आमच्या घरात आता दोन व्हिसा आहेत. त्यांचा सुपर, माझा साधा. त्यांच्या शुगरचं सगळं लेखी विचारून, गोळ्यांची यादी देऊन, मगच विमा घेतला. त्या ऑक्टोबरात जाणार, मी नोव्हेंबरात. मी संक्रांतीला परत, त्या येतील तेव्हा. भाकरी थापायला मी आतापासून शिकतोय, दिशा बरी आहे, आकार अजून नकाशासारखा येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. 'सगळ्यात मोठा तोच सगळ्यात चांगला' हे व्हिसाला लागू नाही. आणि निवड लेकरांनी करू नये, एजंटाने तर नाहीच. ज्याला जाऊन राहायचंय त्याने करावी. नवरा-बायको दोघं जाणार असतील तर दोघांना वेगवेगळं विचारावं.

ज्यांची मुलं दुसऱ्या देशांत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात.

अमेरिका. पर्यटकांचा बी-टू व्हिसा आपल्याकडं बहुधा दहा वर्षांचा देतात. तरी किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते, ऑनलाइन बघता येते. पोचल्याबरोबर बघा आणि कॅलेंडरवर लाल गोल करा. ती तारीख ओलांडली की दहा वर्षांचा व्हिसासुद्धा रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं दार बंद.

ब्रिटन. साध्या व्हिजिटर व्हिसावर सहा महिने. दोन, पाच, दहा वर्षांचाही मिळतो, पण एका खेपेला सहा महिन्यांच्या वर नाही.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स आणि बाकीचे शेंगेन देश. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि हे सगळ्या शेंगेन देशांत मिळून. जर्मनीत दोन महिने राहून फ्रान्समध्ये नवे तीन महिने मिळत नाहीत. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक बरं झालंय. तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नियमाने वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि नंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. नव्वद दिवसांचा नियम मात्र तोच.

ऑस्ट्रेलिया. व्हिजिटर व्हिसावर तीन, सहा किंवा बारा महिन्यांपर्यंतचा मुक्काम मिळू शकतो. आई-वडिलांसाठी २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांचा वेगळा व्हिसाही आहे, पण त्याची फी हजारो डॉलरमध्ये आहे. जायच्या आधी मुलांशी पैशाचं मोकळं बोला.

हे नियम बदलत राहतात. दोन देशांचं बिनसलं तरी आपल्यासारख्याला झळ बसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत-कॅनडा वाद पेटला, कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी परत नेले आणि मुंबईच्या त्यांच्या कार्यालयातलं समोरासमोरचं काम थांबवलं. म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघाच. माझ्या पोस्टवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

आता एजंटाबद्दल. शहरातल्या एकाकडं मीही गेलो होतो, नाव घेत नाही. त्याने सांगितलं, "गुरुजी, बाळंतपणाचं लिहूच नका, नुसतं फिरायला जातोय लिहा. आणि खात्यावर महिनाभर सात-आठ लाख फिरवून ठेवा, मी सोय करतो." मी चहा न पिता उठलो. कॅनडाच्या अर्जात खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं प्रवेश बंद होतो. एजंटाचं दुकान चालूच राहील, नातवाचं तोंड बघायचं राहून जाईल ते आपलं. लेकीच्या बाळंतपणाला आई-बाप जातात यात लपवण्यासारखं आहे काय? आम्ही खरं तेच लिहिलं. अर्ज ऑनलाइन असतो. शेजारच्या इंजिनीअरिंगच्या पोराने दोन संध्याकाळी बसून भरून दिला. ठसे द्यायला मुंबईला गेलो, नांदेडहून येणारी वंदे भारत जालन्यात पकडून. सोबत डब्यात धपाटे होते, एवढाच जादा खर्च.

एक मागणी आहे. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वर्षातून एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. मोठा वक्ता नको, हारतुरे नकोत. जे जाऊन आले त्या चार जोडप्यांनी खरं खरं सांगावं. विमा कसा घेतला, दवाखान्यात काय झालं, दिवसभर घरात करमलं का, परत का आलो किंवा का थांबलो. आणि त्यात बायकांना बोलू द्या. तिकडं घर त्या चालवतात, आणि इथं मनोगत नवरे सांगतात.

पुढच्या रविवारी आईला गावाहून इकडं आणणार आहे. मी जाऊन येईपर्यंत ती माझ्या पुतण्यासोबत जालन्याच्या घरात राहील, दवाखाना जवळ पडतो म्हणून. काल फोनवर विचारत होती, "तुझा कागद किती दिवसांचा म्हणलास?"

म्हणलं, "संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येतोय आई."

"मग तीळ आणून ठेवायला सांगते," म्हणाली.

तुमच्या घरी काय ठरलं, कुणी ठरवलं, तेही खाली लिहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.